अभिनंदनचा नवा संघ

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत पाच वाजता संपणार होती आणि सुवर्णा मगदूमची एक सही अजून बाकी होती. तिचा सांगलीचा आभासी सायकल संघ आज बंद होत होता. सात सायकलपटू दुसऱ्या संघांत गेले होते. उरला होता अभिनंदन, तिचा धाकटा भाऊ. शेवटी त्याला चार पायऱ्या चढतानाही धाप लागायची; तीन वर्षांपूर्वी तो कर्करोगाने गेला, पण त्याआधी त्याने आपलं मन यंत्रात नोंदवून ठेवलं होतं. तेव्हापासून तो पडद्यावरच्या शर्यतींत सायकल चालवत होता आणि रोज संध्याकाळी तिच्याशी बोलत होता.

"अभी, नागपूरचा संघ तुला घ्यायला तयार आहे," ती म्हणाली. "पण त्यांना फक्त तुझं सायकल चालवणं हवंय. आधीच्या आठवणी ते पुसून टाकतात."

"आणि नाही गेलो तर?"

"संघ नसेल तर यंत्रातलं मन चालू ठेवायची परवानगी नाही रे."

त्याने विचारलं, "म्हणजे नागपूरला गेलो तर तू, आई, सगळंच विसरणार मी?"

"हो."

"ताई, मला अजून सायकल चालवायचीय," तो हळूच म्हणाला. "कर तू सही."

तिने सही केली.

पुढच्या रविवारी अभिनंदनने घाटाची शर्यत जिंकली. मुलाखतीत त्याला कुणीतरी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"कोणीच नाही," तो हसून म्हणाला.

सुवर्णाने घाईघाईने आवाज बंद केला. शेजारी बसलेली आई पडद्याकडे बघतच राहिली.

"एवढा घाट चढला," ती म्हणाली, "पण धाप लागलेली नाही गं त्याला."