कार्डामागची सही

माझी सून, सावळी, आज पहाटे गेली. तिला शेवटची नेसवायची हिरवी साडी मीच पसंत करणार, म्हणून हट्टानं शहापूरला आले नि दुकानात बँकेचं कार्ड पुढं केलं.

दुकानदारानं मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवरची माझी सही कार्डामागच्या सहीशी ताडून पाहिली. "आजी, राग नका मानू. चोरलेली कार्डं घेऊन लोक येतात. मागची सही कशी सरळ, नि ही वाकडीतिकडी."

"मेल्या, मला चोर म्हणतोस? आण ती चिठ्ठी!"

पुन्हा केली. पयल्यापेक्षा वाकडी आली.

"नाय जुळत, आजी. कार्ड नक्की तुमचंच ना?"

&nbsp;

माझंच होतं रे. मागची सही करताना तेवढा माझा हात सावळीनं धरला होता.