सरकीची कडी

कापूस वेचायला आईनं कमरेला फडक्याची ओटी बांधली की सरकी, माझी छोटी कुत्री, दिवसभर रडायची. म्हणून मी बकरीच्या पिल्लांच्या पिंजऱ्यात आईचीच जुनी ओटी अंथरली. दार उघडं ठेवून तिला त्यात झोपायला शिकवलं. शिकलीही. आज शाळेतून आले, तर पिंजऱ्याला कडी, सरकीच्या पंजांना रक्त. “हिले कोणं कोंडलं?” “मी,” काका म्हणाले. “पिंजरा उघडा ठेवते का कोणी? बोंडअळीनं डोकं खाल्लं, त्यात हिचं केकाटणं. उद्या घाटंजीच्या बाजारात सोडतो.” “बोंडअळीचा राग हिच्यावर कायले काढता?” मी कडी काढली. सरकी बाहेर पळाली, आत जाईना. “पाह्य, नाही राहत ते आत,” काका म्हणाले. दप्तर फेकून मीच आत घुसले. “लावा कडी, काका. मलेही सोडा बाजारात.” पिंजऱ्याच्या दारात उभ्या काकांच्या पायांमधून सरकी आत आली आणि ओटीवर माझ्या पोटाशी निजली.