बांधावरची रेंज

"काकू, हे सिमकार्ड नका घेऊ. तुमच्या घरात याची रेंजच येत नाही, पार तळ्याच्या बांधावर जावं लागेल," दुकानदाराने बजावलं.

"तेच द्या," सुलभा म्हणाली.

लेकीने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा सुलभाच्या नवऱ्याने ठणकावलं होतं, "या घरात तिचा फोन वाजला, तर माझ्याशी गाठ आहे!" सुलभाने त्याचा शब्द मोडला नाही. रोज दुपारी धुण्याची बादली उचलून, फोन कनवटीला खोचून ती तळ्यावर जाई. बांधावर पाऊल ठेवलं की फोन वाजे, आणि लेकीशी पोटभर बोलूनच ती परते.

आज बांधावर आधीच कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. नवराच तो. हातातल्या फोनवर जाडजूड बोटाने काहीतरी लिहीत होता, पुन्हा पुन्हा पुसत होता. शेजारी तिने घेतलं होतं त्याच कंपनीच्या सिमकार्डाचं फाडलेलं पाकीट पडलं होतं.

तिची चाहूल लागली, तरी त्याने मान वळवली नाही. फोन तेवढा मागे तिच्याकडे धरला.

"या कीबोर्डवर माझं बोट बसत नाही. तूच लिही. म्हणावं, बाप विचारतोय... कशी आहेस?"