चंदाची डबी

नकाशावर विमान नव्हतं.

उड्डाण होऊन बारा मिनिटं झाली होती. धावपट्टीलगतच्या शेडमध्ये लॅपटॉपभोवती सहा-सात माणसं दाटीनं उभी होती आणि सगळी विमानाचं चिन्ह शोधत होती. अमरावतीवर नव्हतं. बडनेऱ्यावर नव्हतं. अकोल्याकडे तर नव्हतंच. चंदानं नकाशा मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. करपलेली पोळी माणूस उगाच उलटून बघतं, तसं.

वलगावात तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान. आसपासच्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी तिच्याकडे येतात आणि चालत्या होऊन परत जातात. रेडिओचं वेड मात्र चाळिशीनंतर लागलं. मांडीवर शब्दकोश घेऊन पुस्तकं वाचली, हौशी रेडिओचा सरकारी परवाना तिसऱ्या खेपेला मिळवला. मग ही डबी केली, साबणाच्या डबीएवढी. उपग्रहांकडून स्वतःचा ठावठिकाणा घ्यायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला रेडिओवरून जमिनीवर कळवायचा, एवढंच डबीचं काम. मग लॅपटॉपच्या नकाशावर तिचं चिन्ह सरकताना दिसतं, इतर हौशी रेडिओवाल्यांच्या गाड्यांची चिन्हं दिसतात तसंच. फ्लाइंग क्लबची पोरं-पोरी शिकताना एकट्यानं उडतात. ती कुठं आहेत ते खालच्यांना दिसावं.

क्लबचे इंजिनीअर हरिहरराव सहा महिने नाही म्हणत होते. शेवटी पोरांना उडायला शिकवणाऱ्या कॅप्टन अनुपमानंच हट्ट धरला, परवानगीचे कागद आणवले. तेव्हा हरिहररावांनी अट घातली. एकच उड्डाण, अमरावती ते अकोला, विमान अनुपमानंच चालवायचं. विमान नकाशावर दिसलं तर चारही विमानांत डबी बसेल. नाही दिसलं तर चंदानं ती घरी न्यावी आणि पुन्हा विषय काढू नये.

सकाळी विमानात शिरून चंदानं डबी मागच्या काचेशी बसवली. पट्टे आवळले, अँटेना उभी केली, वायर जोडली. हिरवा दिवा लागला तेव्हा तिनं विमानाच्या पाठीवरून हात फिरवला. बैलाच्या फिरवतात तसा.

"चंदाबाई, पंधरा मिनिटं झाली," हरिहरराव म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

कुठं चुकलं? सोल्डरचा डाग सुटला? हादऱ्यानं वायर निघाली?

तिचा नवरा सूर्यभान मागं स्टुलावर बसला होता. तिला मोटरसायकलवरून आणून सोडायचं आणि बाहेरच थांबायचं, असं त्यानं ठरवलं होतं. उन्हानं त्याला आत आणलं.

"म्या सांगतलं होतं तुले," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मोटारी भर अन् सुखानं राहाय. झालं ना आता हासं?"

"जराक गप बसा ना."

"मी गप बसतो. लोकं बसतीन का?"

हरिहररावांनी विमानाशी बोलायचा माइक उचलला. अकोल्याला उतरल्यावर डबी काढून ठेवा, हे सांगायला. चंदानं त्यांना अडवलं नाही. शब्द दिला होता.

सूर्यभानला विमानातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो नकाशावर आपल्याला कळेल ते बघत बसला होता.

"काय वं," तो एकदम म्हणाला, "हा ट्रॅक्टर कोनाचा हाये?"

"असन कोनाचाबी."

"तसं नाही, पाह्य ना! फाटक नाही, पूल नाही, रेल्वेच्या रुळावरून सरका गेला. आता उभ्या तुरीतून चाल्ला. लोकाच्या वावरातून! याले कोनी अडवत काहून नाही?"

चंदा वाकली. ट्रॅक्टर होता. मघापासूनच होता. पण वऱ्हाडात ट्रॅक्टर ही काय बघायची गोष्ट आहे?

तिनं त्याच्यावर टिचकी मारली. चौकट उघडली. वेग, ताशी एकशे सत्तर किलोमीटर. उंची, तीन हजार दोनशे फूट. खाली तिच्याच परवान्याचा क्रमांक.

परवा डबी तपासायची होती आणि घरी विमान नव्हतं. ट्रॅक्टर होता. तोच तिनं वलगावभर फिरवला, डबीत ट्रॅक्टरचं चिन्ह भरलं आणि बदलायचं राहून गेलं. त्यात आज मोठी माणसं बघणार, नकाशा स्वच्छ दिसावा, म्हणून चिन्हांखालची नावंही तिनंच झाकली होती.

"हरिहरराव," ती म्हणाली. "तुमचं विमान मूर्तिजापूरच्या पुढं गेलं."

हरिहररावांनी चौकट वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग माइकमध्ये विचारलं, "कॅप्टन, कुठं आहात?"

"मूर्तिजापूर आत्ताच मागं पडलं," खरखरीतून अनुपमा बोलली. "उंची तीन हजार दोनशे. चंदाताईंना दिसतेय ना मी?"

शेडमध्ये जी आरोळी उठली, तिनं पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्यानंतर कुणी जागचं हललं नाही. ट्रॅक्टर बोरगाववरून गेला. अकोल्याशी आला. उंची उतरत गेली, वेग शून्याला टेकला आणि तो धावपट्टीवर शहाण्यासारखा उभा राहिला. मेकॅनिक पोरांनी शिट्या मारल्या. चंदानं पदरानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

"बाकीच्या तीन डब्या करायला घ्या, चंदाबाई," हरिहरराव म्हणाले. "फक्त ते चिन्ह तेवढं बदला. क्लबच्या इज्जतीचा सवाल आहे."

"दोन मिनिटाचं काम हाये, साहेब. इमान वापस आलं का बदलून देते."

सूर्यभान स्टुलावरून उठला. कॉलर सारखी केली आणि साऱ्या शेडला ऐकू जाईल असा बोलला,

"काहून बदलतं वं? राहू दे ट्रॅक्टर. इमान तं कोनीबी उडवते!"