आजचे वाढदिवस

सोसायटीत त्याला सगळे ‘दिनविशेष’ म्हणूनच हाक मारायचे. कोण कधी जन्मलं, कोणती लढाई कधी झाली, हे सकाळी ग्रुपवर टाकल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. आज मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं उठल्यापासून मन खात होतं, म्हणून त्याने ‘आजचे वाढदिवस’ दोनदा तपासून मगच पाठवले.

तेवढ्यात ठेवणीतली शाल पांघरून आई बाहेर आली. तिच्या फोनवर तीच यादी उघडी होती.

“यातलं एकही माणूस जिवंत नाही का रे?”

“नाही गं. या यादीत यायचं तर आधी मरावं लागतं,” तो मान वर न करता हसत म्हणाला.



“असं होय! मला उगाच वाटलं, माझा वाढदिवस तू विसरलास.”