लांब नाव

“नवरीचं नाव गुंफल्याशिवाय धवला म्हणायचा नाही,” सासूनं पहिल्याच हळदीला बजावलं होतं. त्या लग्नगीतांनी चांगुणाबाईंना पुढं रेडिओवर नेलं, दिल्लीला नेलं, घरोघरी त्यांच्या कॅसेटी वाजल्या. मागं ढोलकीवर कायम नवरा.

त्याला जाऊन महिना झाला होता. त्या नेमानं देवापुढं दिवा लावत, दोन घास खात. रडू येत नव्हतं, आणि गाणंही.

शेजारची वनिता दारातूनच म्हणाली, “आत्या, उद्या माझ्या तेजस्विनीची हळद. तुम्ही नका दगदग करू. तुमची कॅसेट लावू आम्ही.”

“विधवा नको मांडवात, असं सरळ म्हण की.”

वनितानं मान खाली घातली.

“लाव हो,” त्या म्हणाल्या. त्यांना कसलंच काही वाटलं नाही.

सकाळी कर्णा सुरू झाला. त्यांचाच तिशीतला भरदार आवाज, त्याची ढोलकी. ऐकूनही आत काही हललं नाही. मग नवरीचं नाव आलं, मृणाल. स्टुडिओच्या मालकानं तेव्हा हौसेनं आपल्या भाचीचं घालायला लावलेलं. म्हणजे हळद तेजस्विनीला लागत होती आणि नाव मृणालचं.

सहा वर्षांची असताना तेजस्विनीनं एकदा त्यांच्या मांडीवर बसून विचारलं होतं, “आजी, माझं नाव केवढं लांब. बसेल गाण्यात?”

“बसवीन.”

चांगुणाबाईंनी दिव्यात तेल घातलं, पदर खोचला आणि ते लांब नाव ओठांतल्या ओठांत चालीवर बसवत पायरी उतरल्या.