वस्तादांची परीक्षा

तिने बोटभर जाड, हाडासकट कापलेले दोन पोर्क चॉप पाण्यातून काढले आणि फडक्याने टिपायला घेतले. ओट्यावर लोणी, लसूण आणि काल आणलेलं मिठाचं पाकीट मांडलेलं होतं. बाबा टेबलापाशी वर्तमानपत्र धरून बसले होते, पण नजर तिच्या हातांवर होती.

बाबा म्हणजे कोपऱ्यावरच्या हॉटेलातले वस्ताद. तीस वर्षं तिथले चॉप त्यांनीच भाजले, आणि लोक लांबून यायचे ते त्यांच्या हातच्या चवीसाठी. दोन महिन्यांपूर्वी ते तापाने अंथरुणाला खिळले आणि शेगडी लेकीकडे आली. उद्या ते परत जाणार होते. लेक शेगडीपाशी राहणार की पुन्हा कांदे चिरायला बसणार, हे आजच्या ताटावर ठरायचं होतं. मालकाने तिला संध्याकाळपर्यंत कळवायला सांगितलं होतं.

याआधी ती दोनदा नापास झाली होती. पहिला चॉप वातड निघाला, तेव्हा बाबा "हा चपलेच्या दुकानात ठेव" म्हणाले. दुसरा हाडाशी कच्चा राहिला, तेव्हा नुसतं ताट सरकवलं. पोटची पोर म्हणून सूट द्यायची त्यांची रीतच नव्हती.

दोन्ही वेळा आई घरी होती. हल्ली पहिला घास आईचा असायचा. ती चावता चावता मीठ पुढे आहे की मागे ते पुटपुटायची, मग बाबा खायला घ्यायचे. आज लेकीने तिला आग्रह करून मावशीकडे धाडलं होतं. दोघं दोघं समोर बसले की मला घाम फुटतो, असं सांगून.

"किती वेळ होते पाण्यात?" बाबांनी विचारलं.

"चार तास."

ते उठले आणि भांड्यात करंगळी बुडवून चाटली. मिठाचं पाणी हा त्यांचा जुना मंत्र. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट हवं, मग मांस आतून रसाळ राहतं, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांनी समाधानाने मान डोलावली. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने शेगडी पेटवली.

बिडाच्या तव्यावर चॉप चुरचुरले. आधी चरबीची कड उभी धरून, मग एक बाजू, मग दुसरी. टोचायचं नाही, दाबायचं नाही. सगळं पाठ असूनही लोण्यातला लसूण करपला. तिने चोरून मागे पाहिलं. गल्लीच्या टोकावरून करपल्याचा वास ओळखणारे बाबा शांतपणे पान उलटत होते. तिने लसूण काढून टाकला.

भाजलेले चॉप पाच मिनिटं तसेच ठेवायचे असतात. ती पाच मिनिटं सरता सरेनात. बाबा मात्र खुशीत होते. घरात बसून आपला पाण्याबाहेरचा मासा झालाय, मालकाच्या मिठाला अजून दहा वर्षं जागायचंय, असं बरंच बोलले. ती नुसती हं हं करत राहिली.

बाबांनी हाडालगत सुरी घातली. रस ओघळला, कच्चेपणा कुठे नव्हता. ते डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"मऊ झालाय," ते म्हणाले. "आणि मीठ तर अगदी हाडापर्यंत पोचलंय. पास झालीस."

"मीठ बरोबर आहे ना, बाबा? नीट बघा."

"तीस वर्षं काय झक मारली का मी?" ते हसले. "उद्या जोडीने जाऊ."

त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. तिने दार अलगद ओढून घेतलं आणि मालकाला फोन लावला.

"तुमचा संशय खरा निघाला," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या मी एकटीच येते. त्यांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा."

फोन ठेवून ती टेबलाशी बसली, कालचं मिठाचं पाकीट कात्रीने पहिल्यांदा फोडलं आणि आपल्या ताटातल्या चॉपवर चिमूटभर भुरभुरलं.